दमणीतला कडबा ते गाडीतले ब्यूटाइल

१. वऱ्हाडात लेकीबाळींना दमणीतून आणताना तळाशी आधी कडबा पसरत, वर गादी घालीत. लोखंडी धावेचे हादरे सोसवावेत, एवढाच त्यामागचा विचार.

२. आज वाशीम जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग जातो. त्याचा नागपूर–शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. काँक्रीटवर ताशी १२० किलोमीटर वेगाने धावणाऱ्या चाकांची घरघर तासन्‌तास कानी पडली की चालक शिणतो, अवधान ढळते. म्हणून आवाजरोधक अस्तर ही केवळ चैन नव्हे.

३. पत्र्याचा कंप आणि हवेतला आवाज ही दुखणी निराळी. कंपाला जड, चिकट थर लागतो. डांबराचे पट्टे स्वस्त, पण विदर्भाच्या उन्हात ते मऊ पडतात, वास मारतात. १९३७ मध्ये अमेरिकेत शोधलेले ब्यूटाइल रबर, वर अ‍ॅल्युमिनियमचा पापुद्रा असलेले, अधिक टिकते.

४. हवेतला आवाज सच्छिद्र वस्तू शोषते. १८९५ मध्ये हार्वर्डच्या वॉलेस सॅबाइन यांनी सभागृहाचा घुमारा अभ्यासताना आसनांवरच्या गाद्याच वापरल्या. कापसाचे फेल्ट त्याच जातीचे. कारंज्याहून शकुंतला रेल्वेने जो कापूस बाहेर जाई, त्याचाच हा एक उपयोग. मात्र दारात पावसाचे पाणी उतरते. तेथे फेल्ट ओले राहून पत्रा गंजतो.

५. पैसे मोजकेच असतील तर तळ आणि चाकांवरच्या कमानी आधी. आणि रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल, इतका आवाज आत येऊ द्यावाच.