आजीच्या खात्यावर शून्य क्रेडिट

गोंदिया १९९९ साली वेगळा जिल्हा झाला. त्याआधी, भंडाऱ्याच्या छत्राखाली वाढलेल्या आमच्या पिढीच्या घरांत फेकण्याजोगे असे काही नसेच. तणस बैलांना, पळसाच्या पत्रावळी जेवणानंतर उकिरड्यात, राख भांड्यांना. राइस मिलमधून आणलेला भुसा शेगडीत ठासून भरायचा, मधोमध काठी उभी धरून. काठी अलगद काढली की त्या भोकातून जाळ वर येई. काढताना भुसा ढासळला तर पुन्हा पहिल्यापासून, मायचा धपाटा वेगळा.

आता घरातली पोरे मोबाइलवर कार्बन फूटप्रिंट मोजतात. एक टन कार्बन डायऑक्साइड हवेत जायचा वाचवला किंवा हवेतून काढून घेतला, तर त्याचा दाखला म्हणजे एक कार्बन क्रेडिट. १९९७च्या क्योटो करारानंतर अशा क्रेडिटचा बाजार जगभर उभा राहिला. २०२३ मध्ये भारतानेही आपली योजना अधिसूचित केली. १४.२ किलोचा गॅस सिलिंडर जाळला की साधारण ४२ किलो वायू निघतो; असे २४ सिलिंडर झाले की टन भरतो. देशाच्या ग्रिडमधल्या एका युनिट विजेमागे सुमारे सातशे ग्रॅम, कारण बरीचशी वीज अजून कोळशाची. आपल्या तिरोड्यातच ६६० मेगावॅटचे ५ संच कोळशावर चालतात. मे महिन्यात कूलर बंद करा, असे गोंदियात कुणी सांगू नये. पण एसीपेक्षा तो कितीतरी कमी वीज खातो, एवढे लक्षात ठेवावे.

मग काहीच न फेकता घर चालवणाऱ्या आजीला किती क्रेडिट मिळाले असते? शून्य. क्रेडिट मिळते ते उत्सर्जनातल्या घटीला, आणि तीही क्रेडिटच्या पैशाविना झाली नसती हे दाखवल्यावर. जिने कधी उधळलेच नाही, तिच्या काटकसरीला या बाजारात भाव नाही. मला हे खटकते.

पण उत्सर्जनाच्या बाबतीत आजीचे खातेही कोरे नव्हते. धानाच्या बांधीत साचलेल्या पाण्याखाली मिथेन तयार होतो. बांधी अधूनमधून सुकू दिली तर तो घटतो. आज या पद्धतीवर क्रेडिटचे प्रकल्प उभे राहतात. आणि चुलीचा धूर तिच्याच छातीत जाई. त्या काटकसरीत गरिबीचा वाटा मोठा होता, ओझे बायकांच्या डोक्यावर होते. जुने दिवस परत आणा, असे आम्ही जेवताना म्हणालो, तर माय लगेच म्हणाली, "पत्रावळी मी लावून देतो, पन सरपनाले तू जाजो."