बावखलाकाठची वाडी

पास्काच्या सप्तकातील मंगळवारी मिस्सेत जे शुभवर्तमान वाचले जाते, त्यात मरिया माग्दालेना रिकाम्या कबरेपाशी रडत उभी असते आणि समोर आलेल्या पुनरुत्थित प्रभूला ती माळी समजते. या प्रसंगावर मी आजवर अनेकदा प्रवचन केले आहे, आणि दर वेळी मरियेच्या चुकीची कारणे सांगितली आहेत. डोळ्यांतले अश्रू, पहाटेचा अंधूक उजेड वगैरे. यंदा मात्र तो शब्द वाचताना जीभ किंचित अडखळली. पवित्र वस्त्रांच्या खोलीत माझी पिशवी प्रवासासाठी भरून ठेवलेली होती, आणि तिच्यात वसईहून माझ्या थोरल्या चुलत बंधूंनी पाठविलेला एक कागद होता.

आमच्या आजोबांच्या मागे वाडीची वाटणी झाली नाही. वडील गेल्यावर त्यांच्या जागी सातबाऱ्यावर माझे नाव लागले. आता वाडी विकावयाची तर माझी सही हवी. बंधूंनी कागदासोबत दोनच ओळी लिहिल्या होत्या : "फादर, तुम्ही सही करून पाठवा. माझ्याने आता होत नाही." मी उलट कळविले की, सही करण्यापूर्वी चार दिवस येतो, जी वस्तू सोडावयाची ती आपल्याकडे आली कशी, एवढे तरी मला पाहू द्या. यावर त्यांचे उत्तर आले नाही. मी त्याचा अर्थ होकार असा घेतला.

बडोद्याहून निघालेली गाडी भरूचपाशी नर्मदा ओलांडते, सुरतेस तापी लागते. पुढे वलसाडच्या आमराया आणि घोलवड-डहाणूच्या चिकूच्या वाड्या मागे पडल्या की, वैतरणेचा पूल येतो. पूल ओलांडताच माझ्या लहानपणी उजव्या हाताला मिठागरे आणि भातखाचरे दिसत. आता विरारपासून वसई रोडपर्यंत इमारतींच्या भिंती रुळांना खेटून उभ्या आहेत, आणि परक्या प्रवाशाला येथून अर्ध्या तासाच्या अंतरावर केळीच्या बागा आहेत असे सांगितले, तर तो हसेल.

स्टेशन सोडून पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने जावे, तसतशी हवा बदलते. दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा, पश्चिमेला अरबी समुद्र, आणि यांच्या मधोमध पापडी, गास, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशी अशी गावे एकमेकांच्या कुंपणाला कुंपण लावून वसलेली आहेत. तिन्ही बाजूंना खारे पाणी असताना येथे गोड्या पाण्यावर बागायत कशी झाली, याचे उत्तर बावखल या एका शब्दात आहे. ज्या वाचकांनी वसई पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो : बावखल म्हणजे वाडीच्या कडेला माणसाने खणलेले तळे. पावसाळ्यात ते तुडुंब भरते, आसपासच्या विहिरींना पाझर पुरविते, आणि गोड्या पाण्याच्या भाराने समुद्राचे खारे पाणी जमिनीखालून आत शिरू देत नाही. उन्हाळ्यात त्याचा तळ उघडा पडला की, गाळ काढून केळीच्या बुंध्याशी घालावयाचा. म्हणजे तळेही खोल राहते आणि मातीही पोसली जाते.

आमच्या बावखलाच्या काठावर दोन दगडी खांब अजून उभे आहेत. त्यांवर पूर्वी रहाट होता. मी तो चालताना पाहिलेला नाही. माझ्या बालपणी विजेचा पंप आलेला होता. परंतु काकींनी तो पाहिला आहे. त्यांचे वय चौऱ्याऐंशी. त्यांचे बोलणे वाडवळीतले. येथे ते सर्वांस समजेल अशा मराठीत देतो. "रेडा डोळे बांधून फिरायचा," त्या म्हणाल्या, "आणि गाडगी भरून वर यायची, रिकामी होऊन खाली जायची. पहाटे तो कुरकुर आवाज आला की कळायचे, घरातले पुरुष उठले. आवाज बंद पडला की मामंजी ओरडायचे. रेड्यावर नव्हे, माझ्यावर!" रहाटाचे पाणी पन्हळीतून पाटात आणि पाटातून एकेका वाफ्यात जाई. वाफ्यांत वांगी, मुळा, लाल माठ, अळू. मांडवांवर पडवळ, कारली, तोंडली. आणि एका अंगाला पानवेलीचा मळा, जेथे बाहेरची वहाण नेण्याची आम्हा मुलांना बंदी असे. राजेळी केळी पिकली की ती सोलून कित्येक दिवस उन्हात वाळवावयाची आणि त्यांची सुकेळी करावयाची, हे बायकांचे काम. त्या काळात माशा हाकलण्यासाठी मुलांना बसविले जाई. सुकेळ्याचा वास आला की, मला अजून पाठीत धपाटा बसल्यासारखा वाटतो. राखणदारच चोर निघत असे.

आता नोंदवह्यांकडे वळतो, कारण मी मुख्यतः त्यांच्यासाठी गेलो होतो.

वसईचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने तहाने हा प्रदेश पोर्तुगिजांना दिला. १७३९ साली चिमाजी अप्पांनी तो जिंकून घेतला. त्या दोनशे पाच वर्षांत येथील सामवेदी, वाडवळ, कोळी आदी समाजांतील अनेक कुटुंबे ख्रिस्ती झाली. येथूनच गेलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रूसावर हुतात्मा झाले आणि १८६२ साली संतपदी पोहोचले. जवळचे सोपारे तर त्याहून जुने. १३२१ साली ठाण्यात हुतात्मा झालेल्या फ्रान्सिस्कन बंधूंचे देह फादर जोर्दानस यांनी सोपाऱ्यास आणून पुरले होते. ही मोठी माणसे ग्रंथांत सापडतात. भाजी लावणारा माणूस ग्रंथात सापडत नाही. त्याचे नाव आयुष्यात तीन वेळा लिहिले जाते, बाप्तिस्म्याच्या वेळी, लग्नाच्या वेळी आणि पुरण्याच्या वेळी, आणि तिन्ही वेळा दुसऱ्याच्या हाताने.

आमच्या जुन्या धर्मग्रामाचे प्रमुख धर्मगुरू मला सेमिनरीत एक वर्ष मागे होते. त्यांनी कपाटाची किल्ली देऊन म्हटले, "कसरीने जे ठेवले असेल ते तुझे." दोन दिवस मी त्या खोलीत बसलो. अलीकडच्या वह्या छापील रकान्यांच्या. त्या वाचण्यास सोप्या. मागे जाऊ लागलो तशी भाषा पोर्तुगीज झाली, शाई तपकिरी झाली, आणि अक्षर लिहिणाऱ्याच्या प्रकृतीप्रमाणे कधी ठसठशीत, कधी कंपित. सर्वांत मोठी अडचण नावांची. बाप्तिस्म्याच्या वेळी मिळालेली पोर्तुगीज आडनावे गावात मोजकी. त्यात थोरल्या मुलाला आजोबांचे नाव देण्याची चाल. परिणाम असा की, माझ्या खापरपणजोबांचे नाव आणि आडनाव असलेले तीन इसम एकाच वेळी एकाच गावात नांदत होते. त्यातला आमचा कोणता? शेवटी मुलांच्या धर्ममातापित्यांची नावे जुळवीत गेलो. ज्याच्या चारही मुलांना काकींच्या माहितीतल्या एकाच शेजारघरातून धर्ममाता मिळाली, तो आमचा, असे ठरविले. हा पुरावा न्यायालयात टिकणार नाही. पण गावात टिकेल.

त्यांच्या लग्नाच्या नोंदीत एक शब्द होता : 'ओर्तेलांव'. पोर्तुगीज भाषेत भाजीचा मळा करणारा. त्यांच्या वडिलांच्या नोंदीत मात्र 'लाव्रादोर', म्हणजे साधा शेतकरी. हे लग्न मुंबईची रेल्वे सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या दहा वर्षांतले. रेल्वे १८६४ साली येथे आली. १८६७ साली विरारहून बॅकबेपर्यंत रोजची लोकल गाडी धावू लागली, आणि त्याच सुमारास मुंबईत क्रॉफर्ड मार्केट बांधले जात होते. त्यापूर्वी माल होड्यांनी खाडीतून जाई. वारा पडला तर पालेभाजी वाटेतच मरे. एका घरातल्या दोन नोंदींवरून इतिहास लिहू नये, हे मला कळते. वाड्या रेल्वेच्या आधीही होत्या. वाडवळ या नावातच वाडी आहे. तथापि बाप भात पिकवीत होता आणि मुलगा बाजारासाठी वांगी लावू लागला, तो आगगाडीची शिट्टी ऐकून, असे मला त्या खोलीत वाटले खरे. ज्या रुळांवरून मी बडोद्याहून आलो त्याच रुळांनी आमच्या घराला माळी केले होते.

गंमत अशी की, हा पोर्तुगीज शब्द आपल्या बाजारात टिकला नाही, परंतु त्या भाषेतून आलेला बटाटा, कोबी, अननस आणि काजू आपण रोज उच्चारतो. माळी विसरला गेला, माल राहिला.

तिसऱ्या दिवशी मी तलाठी कार्यालयात जुने फेरफार पाहिले, आणि तेथे मला धक्का बसला. आमच्या घरात 'बापजाद्यांची जमीन' हा शब्द जेवणाआधीच्या प्रार्थनेइतका नित्याचा. कागद सांगत होता की, आमचे आजोबा या जमिनीचे कूळ होते. मालक दुसऱ्या गावचे. मुंबईच्या १९४८ च्या कूळकायद्याप्रमाणे १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवसापासून कसणारा तो मालक, असे धरले गेले. त्यानंतर ठरलेली किंमत हप्त्यांनी भरून जमीन आजोबांच्या नावावर झाली. म्हणजे खापरपणजोबा, पणजोबा आणि अर्धे आयुष्य आजोबा दुसऱ्याच्या मातीत बावखलाचा गाळ ओतीत होते. त्यांनी पिढ्यान्पिढ्या जी माती कसदार केली तिचीच किंमत नंतर त्यांच्या मुलाने मोजली.

घरी येऊन काकींना विचारले. त्या शांतपणे म्हणाल्या, "मग! मी लग्न होऊन आले तेव्हा हप्ते चालूच होते. केळीचे लोंगर विकले की पहिले पैसे तिकडे. तुझ्या आजीने त्या पायी बांगड्या मोडल्या. अरे, तुम्हा मुलांना कोणी सांगितले नाही, कारण तुम्ही विचारले नाही." मग त्या दादरच्या बाजाराविषयी बोलू लागल्या. मध्यरात्री उठून जुड्या बांधावयाच्या, बैलगाडीने स्टेशन, पहिल्या गाडीच्या मालडब्यात टोपल्यांवर बसून दादर, उन्हे चढेपर्यंत विक्री, दुपारी घरी येऊन पुन्हा वाडी. माझी आई हेच करीत असे. सेमिनरीत असताना मी सुट्टीत घरी येई तेव्हा ती माझ्यासाठी दादरहून पाव आणी, आणि मी तो खात देवशास्त्राची पुस्तके वाचीत असे.

संध्याकाळी चुलत बंधूंबरोबर बावखलापाशी गेलो. पाणी तळाशी गेले होते. मी त्यांना नाबोथाची गोष्ट सांगितली. राजा अहाबाला नाबोथाच्या द्राक्षमळ्याच्या जागी भाजीचा मळा हवा होता, आणि वाडवडिलांचे वतन देण्यास नाबोथाने नकार दिला. बंधूंनी ऐकून घेतले. मग म्हणाले, "फादर, नाबोथाला गुडघे होते का? नाबोथाच्या विहिरीला खारे पाणी लागले होते का? १९८० नंतर टँकर भरभरून इथले पाणी गेले, तेव्हा फादर दिब्रिटोंच्या मागे मोर्च्यात मीही होतो. वाडी राहिली, पण मजूर मिळत नाही, मुलगा बँकेत आहे, तो सुखी आहे. आणि तुम्हीच कागद वाचून आलात की ही वाडवडिलांची नव्हती."

"त्यांनीच केली ती," मी म्हणालो.

"केली. आणि त्यांच्यामागे मी केली. तुम्ही देवाच्या मळ्यात गेलात, ते बरेच झाले. इथला मळा मी एकट्याने शिंपला."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. प्रवचनपीठावरून बोलताना समोरून कोणी उत्तर देत नाही, ही आम्हा धर्मगुरूंची मोठी सोय आहे. थोड्या वेळाने मी एवढेच सुचविले की, माझा हिस्सा मी त्यांच्या नावे सोडून देतो, मग वाडीचे काय करावयाचे ते त्यांनी ठरवावे. फक्त विक्रीत बावखल धरू नये, ते बुजले तर शेजारच्या चार विहिरीही जातील. बोलत असतानाच मला जाणवले की, सही न करता निर्णयाचे ओझे पुन्हा त्यांच्याच गुडघ्यांवर टाकण्याची ही युक्ती आहे. त्यांनाही ते जाणवले असावे. "घेणाऱ्याला बावखलाचीच जागा हवी आहे," ते म्हणाले. "रस्त्याला लागून तेवढीच आहे." कूळकायद्यातून मिळालेली जमीन विकण्यास पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागे, २०१४ पासून ती अट बरीच सैल झाली आहे, हेही त्यांनी मला समजावून दिले. त्यांचा अभ्यास माझ्यापेक्षा पक्का होता. पावसाळा सुरू होण्यापूर्वी मी पुन्हा यावे, तोवर त्यांनी घेणाऱ्याला थांबवावे, एवढे ठरले. कागद कोराच पिशवीत परतला.

शनिवारी पहाटे मिस्सा करून मी वाडीत गेलो. पंप चालू होता. बंधूंनी काही न बोलता माझ्या हाती फावडे दिले आणि ते मांडवाखाली तोंडली तोडू लागले. मी झगा खोचला, पाटातला मातीचा बांध फोडला आणि पाणी वांग्यांकडे वळविले. बऱ्याच वर्षांनी दारे धरीत होतो. पाणी सळसळत गेले तेव्हा मला उगाच अभिमान वाटला. इतक्यात ओटीवरून काकींचा आवाज आला :

"अरे, तो वाफा कालच भिजला! मुळ्याला सोड, मुळ्याला!"