हातचा न येणारा गुणाकार

१२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच संख्या. अंक सतरा, जुन्या मोजणीत परार्धाच्या एकच घर अलीकडे, ‘मध्य’ या स्थानापर्यंत पोचणारी. नऊ एक ओळीने लिहून त्या संख्येला तिनेच गुणलं की ही येते. मला ती माझ्या मावशीने दिली.

मावशी डोंबिवलीला शिवणकाम करायची. घरातल्या कॅल्क्युलेटरवर आठच अंक मावत, त्यामुळे गुणाकार हातानेच करणं भाग होतं. मापांच्या वहीतलं चौकटीचं पान तिने आडवं धरलं आणि एकाखाली एक नऊ ओळी लिहून घेतल्या, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकवून. मी बेरजेला लागले तशी म्हणाली, “बेरीज राहू दे. नुसते एक मोज.”

उजवीकडच्या पहिल्या रकान्यात एक, पुढच्यात दोन, मग तीन. मधल्या रकान्यात नऊ, आणि तिथून पुन्हा उतरत एकापर्यंत. नवाच्या वर कुठेच काही जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि मोजलेले आकडे जसेच्या तसे उत्तरात उतरतात.

मी तिथेच खूश होते. तिने दहावा एक लिहायला लावला आणि दहावी ओळही. आता मधल्या रकान्यात दहा झाले. हातचा एक डावीकडे गेला, तिथल्या नवाचे दहा झाले, पुन्हा हातचा, आणि त्यापलीकडच्या आठाचे नऊ. उत्तर आलं १२३४५६७९००९८७६५४३२१. नक्षी नेमकी कुठे आणि कशाने मोडते हे डोळ्यांनी पाहिलं, तेव्हा ती आधी का जमली होती हे मला खरं उमगलं. शाळेत तोवर नियम पाठ केले होते; कारण शोधायची गोडी मावशीने लावली. आज मी गणित शिकवते ते त्या पानाच्या जोरावर.

ती गेल्यावर मी द. रा. कापरेकरांविषयी वाचलं. देवळालीच्या शाळेतले हे शिक्षक. अशा संख्यांची कल्पना त्यांना डोंबिवली स्टेशनात सुचली आणि स्टेशनाच्या ‘डेम्लो’ या तेव्हाच्या नावावरून त्यांनी त्यांना डेम्लो संख्या म्हटलं. मावशी त्याच स्टेशनाबाहेरून रिळं आणायची. हे तिला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं!

अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या संख्यांना कापरेकरांनीच ‘हर्षद’ हे नाव दिलं. मावशीची संख्या हर्षदही आहे. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने भागल्यावर येतात १५२४१५७८९९७१०४१, म्हणजे १२३४५६७९चा वर्ग. भाग जातो, कारण नऊ एकांच्या संख्येला नवाने भाग जातो, म्हणून तिच्या वर्गाला ८१ने. आणि बेरीज ८१च का? नऊ ओळींत नऊ-नऊ एक होते, आणि हातचा न आल्यामुळे त्यातला एकही कमी झाला नव्हता.