खरिपातले दोन दिवस

24 जुलै 2025, गुरुवार. दारव्हा

दीपअमावस्या. संध्याकाळी समया, निरंजनं घासूनपुसून पाटावर मांडली, कणकेचे दिवे उकडले. आमचं कृषी केंद्र बंद करून हे आले तेव्हा साडेनऊ वाजले होते. कृषी केंद्र चालवणाऱ्याचा जुलै महिना कसा जातो, ते घरच्यांनाच ठाऊक. युरिया आला की रांग, नाही आला की बोलणी. कोणाचं सोयाबीन पिवळं पडलं, कोणाच्या कपाशीवर मावा, कोणावर दुबार पेरणीची पाळी. लोक औषध न्यायला येतात आणि घरचं सगळं सांगून जातात. हे ऐकून घेतात. मग घरी बोलायला काही उरत नाही.

जेवताना यांच्या अकोल्याच्या मित्राचा फोन आला. "उद्या चिखलदऱ्याले निघून राहिलो. तू काहून नाही येत बे? डवरणीत हायेत सारे. दोन दिवसांत कोनाचं पीक करपत नाही." मला वाटलं, नेहमीसारखं "पाहू" म्हणतील. हे म्हणाले, "येतो." मी शाळेत शिकवते, तेव्हाच किरकोळ रजेचा अर्ज लिहून ठेवला. लेकरं सासूबाईंजवळ राहतील.

25 जुलै, शुक्रवार. चिखलदरा

श्रावण लागला. अमरावतीवरूनही जाता आलं असतं, पण यांनी गाडी कारंजाकडे वळवली, शकुंतला रेल्वेच्या वाटेनं. यवतमाळ, दारव्हा, कारंजा, मूर्तिजापूर आणि तिथून दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूर, असा त्या अडीच फुटी रुळांचा मार्ग. वऱ्हाडचा कापूस मुंबईच्या गोदीपर्यंत न्यायला इंग्रज कंपनीनं टाकलेला. 1994 पर्यंत कोळशाचं इंजिन धावलं. आता रूळ गवतात गेले आहेत. आजेसासरे याच गाडीनं अचलपूरला सोयऱ्यांकडे जायचे, हे यांनी आज सांगितलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही गोष्ट मी पहिल्यांदा ऐकली.

मूर्तिजापूरला अकोल्याचे भाऊजी-वहिनी भेटले, परतवाड्याला अमरावतीचं जोडपं. हे आणि ते दोघं मित्र, तिघंही अकोल्याच्या कृषी विद्यापीठातले, एकाच खोलीत राहिलेले. घाट लागला आणि धुई उतरली. समोरच्या गाडीचे लाल दिवे तेवढे दिसायचे. हॉटेलवर पोचलो तर चादरी दमट, भिंती ओल्या. रात्री तिघं मित्र व्हरांड्यात बसले. त्यातला यांचा आवाज दुकानातल्या आवाजाहून वेगळा होता.

26 जुलै, शनिवार

आजचं जरा सविस्तर लिहिते.

सकाळी गाविलगडावर गेलो. लोक इथं येतात, पॉइंटामागून पॉइंट उरकतात आणि किल्ल्याला जेमतेम तासभर देतात. आम्ही दुपार होईपर्यंत तिथं होतो. दरवाजावर दोन तोंडांचा पक्षी कोरला आहे, गंडभेरुंड. हे विजयनगरचं चिन्ह सातपुड्यात कुठून आलं? वऱ्हाडची इमादशाही ज्यानं उभी केली तो फतहुल्ला इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरकडचा, लहानपणी कैद होऊन बहामनी राज्यात आलेला. 1488 मध्ये त्यानं हा गड दुरुस्त केला आणि 1490 मध्ये स्वतंत्र झाला. मुलूख सुटला, धर्म बदलला, पण चिन्ह त्यानं दगडात राखलं. मी त्या पक्ष्यासमोर बराच वेळ उभी राहिले.

उत्तरेकडची तटबंदीही पाहिली. 15 डिसेंबर 1803 ला इंग्रज याच बाजूनं आत शिरले. स्टीव्हन्सनच्या फौजेनं डोंगरातून वाट काढत तोफा वर आणल्या, वेलस्ली दक्षिणेकडून होता. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला आणि दोनच दिवसांनी नागपूरच्या भोसल्यांना देवगावच्या तहावर सही करावी लागली. वऱ्हाड त्यांच्या हातून गेलं ते इथं. पुढं वॉटर्लू जिंकणारा हाच वेलस्ली. त्याचं नाव सगळ्यांना ठाऊक असतं, बेनीसिंगाचं आपल्याच पोरांना ठाऊक नाही. सोमवारी शाळेत सांगणार आहे.

मात्र आज मला खरं काही दिसलं ते तटाखालच्या ओल्या गवतात. एका झुडपावर चढलेल्या वेलीपुढं हे उकिडवे बसले. "कळलावी," म्हणाले. पाकळ्या उलट्या, वर वळलेल्या, कडा पिवळ्या आणि मध्ये लालभडक. पानाचं टोक बारीक होत होत सुतासारखं गुंडाळलेलं. त्या टोकानंच वेल दुसऱ्या झाडाला धरते, ते यांनी बोटानं उलगडून दाखवलं. फूल तोडलं नाही, कंद विषारी असतो तेही सांगितलं. थोडं पुढं रानहळदीची गुलाबी तुरे घातलेली रोपं. यांनी गवतांचीही नावं सांगितली. अमरावतीचे भाऊजी हसून म्हणाले, "वहिनी, तुम्हाले माहीत नाही का? आमच्या बॅचमधी वनस्पती याच्याइतक्या कोनालेच ओळखू येत नव्हत्या. मास्तर यालेच पुढं करत." मला माहीत नव्हतं. दुकानात रोज तणनाशक विकणारा माणूस गवताच्या पात्यावर जीव लावतो, हे मला त्यांच्या मित्रानं सांगावं लागलं. परतताना आम्ही दोघं मागं राहिलो. यांनी शिक्षण, वडिलांचं आजारपण, दुकान हाती घ्यावं लागणं, सगळं ओळीनं सांगितलं.

27 जुलै, रविवार. परतीवर

भीमकुंडापाशी रेटारेटी. कीचकाला मारून भीमानं इथं हात धुतले म्हणतात. आता चिप्सच्या पिशव्या तरंगतात. देवी पॉइंटला खडकातून पाणी ठिबकत होतं, तिथं जरा शांत वाटलं.

रस्त्याकडेला एक कोरकू बाई कणसं भाजत होती. शेजारी सातेक वर्षांची तिची पोर. माझ्याशी मराठीत दोन शब्द बोलली, आईशी कोरकूत. या भाषेची सख्खी भावंडं संथाली, मुंडारी, इथून शेकडो कोस पूर्वेला. माझ्या वर्गातली कोलाम लेकरंही घरी कोलामी बोलतात आणि शाळेत येऊन मराठी पुस्तकापुढं गप्प बसतात. गप्प पोराला आपण मठ्ठ ठरवतो. ते चूक आहे, आणि पहिलीच्या शिक्षकाला पोरांच्या भाषेतले निदान शंभर शब्द आले पाहिजेत, असं माझं ठाम मत आहे. वहिनींनी तिच्याकडून कणसं घेतली, किमतीत घासाघीस न करता. खवाही घेतला.

घाट उतरताना वर येणाऱ्या गाड्यांची रांग संपत नव्हती.

28 जुलै, सोमवार. दारव्हा

पहिला श्रावण सोमवार, उपास. दुकान नऊला उघडलं. हे नव्हते म्हणून कोणाचं पीक गेलं नाही. मी शाळेत बेनीसिंगाची गोष्ट सांगितली.

हे लिहिते ते माझ्यासारख्या घरांसाठी. कृषी केंद्र असो, अडत असो की स्वतःची शेती, डवरणी आटोपली आणि फवारणी अजून लागायची आहे, असे दोन दिवस दर खरिपात निघतात. ते काढाच. दोघंच जाऊ नका, जुने मित्र सोबत घ्या. पॉइंट कमी करा, गाविलगडाला अख्खी सकाळ द्या, आणि नेलेल्या बाटल्या-पिशव्या परत घरी आणा.