कुलूप उघडलं त्या दिवशी

वैजापूरच्या कांदा बाजारात एका आडतीवर मी हिशेबनीस आहे. दिवसभर पट्ट्या लिहितो. वर वजन आणि भाव, खाली हमाली, तोलाई, वाराई, घेतलेली उचल आणि शेवटी निव्वळ. दहा रुपये इकडचे तिकडे झाले तरी शेतकरी खिडकीशी येऊन उभा राहतो, आणि त्याचं बरोबरच असतं. पण दोन वर्षं मोबाइलवर पैशांची रमी खेळलो, तेव्हा माझ्या हरण्याची एक ओळही मी कुठे लिहिली नाही.

2024 च्या जुलैत मुलीच्या प्रवेशासाठी ठेवलेले बेचाळीस हजार गेले. त्या रात्री ॲपमध्येच स्वतःवर बंदी घालून घ्यायची सोय सापडली. सहा महिन्यांची मुदत निवडली आणि बायकोला दाखवली. ती म्हणाली, “अहो, आणि सातव्या महिन्यात?”

सहा महिने बरे गेले, हे खरं. झोप लागायची, जेवताना फोन उलटा पडलेला असायचा. जानेवारीत मुदत संपली आणि कुलूप आपोआप उघडलं. कोणी काही विचारलं नाही. बोनसचा मेसेज तेवढा आला. मला वाटलं, इतके दिवस राहिलो म्हणजे आपल्याला ताबा आला. रोज दोनशे, त्यापुढे नाही. चौथ्या दिवशी दोन हजार झाले. अकराव्या दिवशी शेठकडून तीस हजार उचल घेतली आणि कारण खोटं सांगितलं.

त्या सहा महिन्यांत डोक्यात काय झालं होतं, ते आता कळतं. हरलेलं पुसट झालं होतं. जिंकलेला एक डाव मात्र जसाच्या तसा होता: रविवारची दुपार, नऊ हजार सातशे, आणि त्यातून मुलीला घेतलेले बूट. एका पानासाठी राहिलेले डावसुद्धा ‘जवळजवळ जिंकलो’ असेच आठवायचे. खरं तर तेही हरलेलेच डाव.

शेवटी 14416 ला फोन लावला. ही सरकारची टेलिमानस सेवा, रात्रीही चालते आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी विचारलं, “बंदीच्या काळात काय शिकलात?” मी म्हणालो, “खेळलो नाही.” “ते झालं. पण शिकलात काय?” माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुढे मी स्वतःवर घालून घ्यायच्या बंदीवर मिळेल ते वाचलं. अमेरिकेत मिसुरी राज्याने 1996 मध्ये कसिनोसाठी अशा बंदीची नावनोंदणी सुरू केली. मॅसॅच्युसेट्समध्ये मुदत संपली तरी नाव आपोआप निघत नाही. आधी एका माणसासमोर बसून बोलावं लागतं. ब्रिटनच्या गॅमस्टॉप नोंदणीतही मुदत संपली म्हणून बंदी लगेच उठत नाही, आपण स्वतः तसं कळवावं लागतं, आणि कळवल्यावरही 24 तास थांबावं लागतं. मला माझ्या चुलत्यांची आठवण झाली. दारू सोडताना त्यांनी माळ घातली होती. पण नुसत्या माळेवर ते राहिले नाहीत. गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला दरसाल जायचे, चार माणसांत बसायचे. माळ रोज जपावी लागते, असं म्हणायचे. मला ॲपने कुलूप दिलं, ती चार माणसं दिली नाहीत.

ऑगस्ट 2025 मध्ये केंद्राचा कायदा आला आणि पैशांचे ऑनलाइन खेळ सगळ्यांनाच बंद झाले. मला हायसं वाटलं. पण महिन्याभरात आमच्याच बाजारातली पोरं कुठून कुठून आलेल्या लिंकवर खेळू लागली. त्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण भीतीने पोरं लपतात आणि लपली की आणखी बुडतात.

त्यातला एक टेम्पोवाला पोरगा, वय बावीस. लिलाव संपल्यावर माझ्याकडे आला. म्हणाला, “काका, मी सोडलं होतं, पण परत चालू झालं.” मी त्याला उपदेश केला नाही. कोरी पट्टी काढली आणि बँकेचे मेसेज त्यालाच मोठ्याने वाचायला लावले. गेलेले पैसे एका रकान्यात, आलेले दुसऱ्यात. जिंकलेले आकडे तो भराभर सांगे, हरलेल्यांवर अडखळे. तासभर लागला. खाली निव्वळ लिहायची वेळ आली तेव्हा पेन त्याच्या हातात दिलं. शहाऐंशी हजार चारशे. त्याने आकड्याखाली दोन रेघा ओढल्या आणि बराच वेळ काही बोलला नाही.

मग कामाचं बोललो. भाड्याचे पैसे आईच्या खात्यावर घ्यायचे. फोनवरून पैसे पाठवायची मर्यादा पाचशेवर आणायची. टेम्पो रिकामा करून रोटेगाव स्टेशनवर एकटा थांबतो, तीच त्याची खेळायची वेळ. त्या वेळी मला फोन करायचा. आणि पुन्हा खेळलास, तर त्याच दिवशी इथे यायचं, आठवड्याने नाही.

माझं पासबुक दर एक तारखेला बायको बघते. शेठना खरं कारण सांगितलं, उचल पगारातून फिटतेय.

परवा तो पोरगा आला. खिडकीबाहेर उभा राहून म्हणाला, “काका, काल बाराशे गेले.” पहिली पट्टी त्याने घडी करून फोनच्या कव्हरमध्ये ठेवली होती, ती काढून काउंटरवर ठेवली. मी नवी फाडली, वर तारीख घातली आणि स्टूल पुढे सरकवलं.