बारीक धार

डहाणू रोडहून विरार-चर्चगेटकडे जाणाऱ्या लोकलला संडास नसतो. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली तेव्हा सगळ्या भागाला आनंद झाला; नोकरदार, भाजीवाल्या, कॉलेजची मुले, सगळ्यांची सोय झाली. मला मात्र पुढे त्या गाडीची धास्ती बसली. घरून निघताना लघवीला जायचे, स्टेशनवर पुन्हा जायचे, तरी पालघर येईपर्यंत ओटीपोट जड व्हायचे. विरारला उतरून मुतारीत उभे राहिले की माझ्यानंतर आलेली माणसे मोकळी होऊन निघून जायची आणि मी भिंतीकडे तोंड करून कुंथत उभा. धार बारीक, कधी मधेच दोन फाटे फुटलेली. झाले म्हणून बाहेर यावे, तर चार पावलांवर पँट ओली.

मी तलासरी तालुक्यात शिक्षक आहे, राहायला डहाणूत. हे सुरू झाले तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. ज्याला त्याला वाटले, उन्हाळी लागली असेल. धन्या-जिऱ्याचे पाणी झाले, सातूचे पाणी झाले, गोखरू झाला, शहाळी तर आमच्याकडे हाताशीच. पाणी जास्त प्यायलो की त्रास वाढायचा, कारण आत येणारे वाढले आणि बाहेरची वाट तेवढीच राहिली. एका डॉक्टरांनी मुतखडा म्हणून सोनोग्राफी केली. खडा नव्हता, पण लघवी करून आल्यावरही मूत्राशयात बरीच लघवी शिल्लक होती आणि मूत्राशयाची भिंत जाड झाली होती. मग प्रोस्टेटच्या गोळ्या लिहून मिळाल्या. त्या गोळ्या प्रोस्टेटचे आणि मूत्राशयाच्या तोंडाचे स्नायू सैल करतात. आपला अडथळा व्रणाचा असेल तर त्या काय करणार?

व्रण कुठून आला हे फार उशिरा कळले. उधव्याच्या बाजूला एका पाड्यावर जायला ओहोळावर लाकडी साकव होता. पटनोंदणीसाठी फिरताना, भर पावसात, शेवाळलेल्या ओंडक्यावरून पाय घसरला आणि एक पाय इकडे, एक तिकडे, असा मी त्या ओंडक्यावर आदळलो. डोळ्यांपुढे अंधारी आली. चड्डीला रक्ताचे डाग पडले, लघवीला जळजळ झाली, मांड्यांच्या मधला भाग काळानिळा झाला, आणि काही दिवसांत सगळे ओसरले. लघवी नीट होऊ लागली. त्यानंतर दोन-अडीच वर्षे कसलाही त्रास नव्हता. धार बारीक झाली तेव्हा त्या साकवाची आठवण कोण कशाला काढेल? मला तर कुणी विचारलेही नाही.

पुढे मुंबईत एका महापालिका रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "सर, कधी पाय फाकून कशावर पडला होतात का?" मग कागदावर आकृती काढून त्यांनी समजावले. पुरुषाचा मूत्रमार्ग वीतभर लांब असतो. अंडकोशाच्या मागे तो जांघेच्या हाडाखालून वळतो. माणूस असा पडला की मूत्रमार्ग हाड आणि ओंडका यांच्यामध्ये चेंगरतो. आतले नाजूक अस्तर आणि त्याभोवतीचा रक्ताने भरलेला मऊ भाग फाटतो. जखम भरते, पण भाजलेल्या हाताची कातडी जशी महिनोन् महिने आवळत जाऊन बोट वाकवते, तसा हा आतला व्रण आवळत जातो. मूत्राशय जास्त जोर लावून वेळ निभावून नेते, म्हणून माणसाला बराच काळ काही कळत नाही. कळते तेव्हा वाट फारच अरुंद झालेली असते.

हे ऐकताना माझ्या डोळ्यांपुढे आमचा सगळा मुलूख उभा राहिला. ताडी काढायला झाडावर चढणारे, घोलवड-बोर्डीच्या वाड्यांत चिकू उतरवताना फांदीवरून सटकणारे, होडीच्या काठावर आदळणारे, सायकलच्या दांडीवर आपटणारे. हायवेवर चारोटीपासून आच्छाडपर्यंत होणाऱ्या अपघातांची गोष्ट आणखी वेगळी: तिथे ओटीपोटाचे हाड मोडते आणि त्याच्यासोबत मूत्रमार्ग खोलवर तुटतो. दुसरीही कारणे आहेत. परम्यासारखा गुप्तरोग वेळेवर बरा झाला नाही तर, घाईत किंवा जबरदस्तीने लघवीची नळी घातली तर, किंवा नळी खूप दिवस राहिली तर मार्ग आवळू शकतो. एका आजारात शिश्नाच्या टोकाची त्वचा पांढरी, चिवट होत जाते, तोंड बारीक होते आणि तोच रोग आत सरकत जातो. त्याला अनेक जण साधी खाज समजतात. तरुण माणसाची धार बारीक झाली तर या सगळ्यांची चौकशी व्हायला हवी. एक नुसता प्रश्न विचारला तरी किती वर्षे वाचतात!

माझी वर्षे मात्र मधल्या उपायांत गेली. एका रात्री लघवी पूर्ण बंद झाली. पोट तट्ट फुगले. बायकोने शेजाऱ्यांची गाडी मिळवली आणि आम्ही गुजरातच्या हद्दीतल्या एका खासगी दवाखान्यात गेलो, कारण डहाणू-तलासरीहून रात्री तेच जवळ पडते. तिथे नळी जाईना. जोर लावला, रक्त आले, पुन्हा जोर लावला. शेवटी पातळ सळया एकामागून एक घालून मार्ग ताणला आणि लघवी सुटली. त्या क्षणी वाटलेली सुटका मी शब्दांत सांगू शकत नाही. पण काही महिन्यांत धार पुन्हा बारीक. पुन्हा ताणणे. मग दुर्बिणीतून आतला व्रण कापण्याची शस्त्रक्रिया. ती 1970च्या दशकात जर्मनीच्या हान्स झाक्से यांनी रूढ केली. कुठे टाका नाही, एका दिवसात घरी. लहान, पहिल्यांदाच झालेल्या व्रणाला ती करून पाहण्यात अर्थ आहे. माझी ती पुन्हा झाली, आणि पुन्हा तेच.

या टप्प्याबद्दल मला कळकळीने सांगायचे आहे, कारण आमच्याकडची बहुतेक माणसे इथेच अडकलेली मला भेटली. ताणले की लगेच बरे वाटते, खर्च कमी, मजुरी बुडत नाही. पण ताणलेला किंवा कापलेला व्रण भरून येतो तोही व्रणानेच. प्रत्येक खेपेला तो थोडा लांब, थोडा घट्ट होतो, आणि पुढची खरी दुरुस्ती तेवढी अवघड होते. एकदा करून परत आला, तर पुन्हा ताणण्याआधी मार्गाचा फोटो काढून कायमच्या दुरुस्तीचा विचार करावा, असेच आज जगभरचे तज्ज्ञ सांगतात. हे माझ्या गावाकडे मला कुणी सांगितले नव्हते.

मुंबईत आधी लघवीच्या वेगाची तपासणी झाली. यंत्र जोडलेल्या भांड्यात लघवी करायची, बाजूला कागदावर रेघ उमटते. निरोगी माणसाचा वेग सेकंदाला 15 मिलिलिटरच्या वर जातो आणि रेघ उंच चढून उतरते. माझा वेग पाचाच्या आसपास, आणि रेघ सरळ सपाट, लांबच लांब. मग ओटीपोटातून छोटे छिद्र पाडून थेट मूत्राशयात नळी घातली, म्हणजे खालच्या मार्गाला विश्रांती मिळावी. दोन-अडीच महिने त्या नळीची पिशवी शर्टाखाली बांधून मी शाळेत गेलो. पोरांना कळले होते; एकाही पोराने एक शब्द काढला नाही. त्यानंतर खालून आणि वरून औषध सोडून एक्स-रे काढले. पडद्यावर पांढरा मार्ग येतो येतो आणि एका जागी धाग्याएवढा होतो, हे मी स्वतः पाहिले. इतकी वर्षे जे कुणाला सांगता येत नव्हते ते तिथे स्पष्ट दिसत होते.

अडथळा दोन सेंटिमीटरच्या आतला आणि माझ्यासारखा माराचा असेल, तर तेवढा तुकडा काढून दोन टोके जोडतात; शंभरात नव्वदांच्या आसपास माणसे त्याने कायमची बरी होतात. माझा आता लांबला होता. त्यामुळे गालाच्या आतले अस्तर काढून मूत्रमार्गाला ठिगळ लावायचे ठरले. गालाच्या आतली त्वचा ओलाव्याला सरावलेली असते, तिला केस नसतात, ती चिवट असते आणि नव्या जागी लवकर रुजते. 1941 साली लंडनच्या ग्रॅहॅम हंबी यांनी एका मुलाच्या मूत्रमार्गासाठी तोंडातले अस्तर वापरले होते. मग अनेक दशके ही गोष्ट मागे पडली आणि 1990च्या दशकात पुन्हा पुढे आली. इटलीतल्या ग्वीदो बार्बाग्ली यांनी ठिगळ मूत्रमार्गाच्या पाठीकडच्या बाजूला लावायला सुरुवात केली. आमच्या पुण्याचे डॉ. संजय कुलकर्णी यांनी त्यात मोठी भर घातली: मूत्रमार्ग सगळीकडून सोडवायचा नाही, एकाच बाजूने उघडायचा, म्हणजे दुसऱ्या बाजूच्या रक्तवाहिन्या आणि नसा शाबूत राहतात. 2009 साली ही पद्धत बार्बाग्लींसोबत प्रसिद्ध झाली आणि आज जगभरचे शल्यविशारद तिला कुलकर्णींच्या नावानेच ओळखतात. माझ्या डॉक्टरांनी हीच पद्धत वापरली. हे कळल्यावर मला बळ आले होते.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत ही शस्त्रक्रिया बसते. रेशनकार्ड, आधार आणि योजनेतल्या रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र एवढ्यावर काम झाले. नंतर तोंड काही दिवस दुखले. पेज, थंड दूध, मऊ भात. तीनेक आठवडे नळी. ती काढण्याआधी पुन्हा एक्स-रे, कुठे गळत नाही ना हे पाहायला. मोटारसायकल बरेच आठवडे बंद. नळी निघाल्यावर डॉक्टरीणबाईंनी पुन्हा त्या यंत्रावर उभे केले. रेघ चढली आणि उतरली. मला रडू आले आणि मी ते आवरले नाही.

शाळेत परत आल्यावर माणसे एकेकटी भेटायला येऊ लागली, बहुधा संध्याकाळी, इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर. त्यांतला एक जण ताडी काढणारा. झाडावरून घसरताना खालच्या आडव्या बांबूवर पडला होता, आणि वर्षानुवर्षे कुठे कुठे ताणून घेत होता. मी त्याला मुंबईला घेऊन गेलो. तिथे तोंड उघडायला सांगितल्यावर डॉक्टर थांबले. गुटखा, तंबाखूने त्याचे गाल आतून पांढरे, ताठर झाले होते, बोटेसुद्धा नीट आत जाईनात. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्याला बंदी आहे, आणि तरीही आमच्या नाक्या-नाक्यांवर पुड्या लटकतात. कर्करोगाची भीती सगळ्यांना सांगतात; पण ज्या गालाने एखाद्या दिवशी आपली वाट दुरुस्त व्हायची, तो गालच आपण खराब करतो, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. त्याच्या जिभेच्या खालच्या बाजूचे अस्तर मात्र बरे होते. डॉक्टरांनी त्याला तंबाखू पूर्ण सोडायला लावली, आणि मगच जिभेखालचे अस्तर घेऊन शस्त्रक्रिया केली.

तो आता बरा आहे. लघवीच्या वेगाचा कागद त्याने रेशनकार्डाच्याच प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आहे. हा व्रण उशिरानेही परत येऊ शकतो, म्हणून आम्हा दोघांना अधूनमधून तपासणीला जावे लागते. भातकापणी उरकली की पुढची तारीख आहे; त्याच्या पाड्यावरचे आणखी दोघे सोबत यायला तयार झाले आहेत, त्यांतला एक अजून विशीतला आहे, आणि त्याचा मार्ग अजून कुणी एकदाही ताणलेला नाही.