पासष्टची रेघ

आमच्या घरी १९७२ सालची फियाट आहे असं सांगितलं की होस्टेलवर दोनच प्रतिक्रिया येतात. "अरे वा, व्हिंटेज!" किंवा मग "चालते का रे?" मी दोन्हींना छाती फुगवून "हो" म्हणायचो. २०२१ च्या केंद्र सरकारच्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षं उलटलेली, मूळ रूपात राखलेली गाडी व्हिंटेज ठरते, म्हणजे पहिलं उत्तर तरी बरोबर होतं. (व्हिंटेजचा व्हीए नंबर घेतला की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. त्यामुळे आबांनी साधीच नोंदणी ठेवलीय. "शोपीस करायला घेतली होती का मी?" हे त्यांचं म्हणणं.)

आबा म्हणजे माझे आजोबा. बँकेत कॅशियर होते. १९८४ ला त्यांनी ही गाडी सेकंडहँड घेतली आणि पहिल्याच महिन्यात आत्याची लाल नेलपॉलिश घेऊन स्पीडोमीटरच्या काचेवर ६५ च्या आकड्यावर एक बारीक रेघ मारली. गाडी त्या रेघेपुढे जायची नाही. कराडहून पुणे असो नाहीतर कोल्हापूर, मागून एसटी हॉर्न मारून पुढे जाणार, ट्रक जाणार, एकदा तर बुलेटवाल्या काकांनी जाता जाता टाटा केला होता! आम्ही नातवंडं मागच्या सीटवर शरमेनं खाली वाकायचो. माझं ठाम मत होतं की आबा घाबरट आहेत.

गेल्या फेब्रुवारीत डिपार्टमेंटच्या प्रदर्शनात ठेवायला मी ती गाडी मागून घेतली. कशी मिळवली ते विचारू नका, त्यावर वेगळा लेख होईल. दोन दिवस सगळ्यांनी तिच्यासोबत फोटो काढले. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर बघून फर्स्ट इयरची मुलं चाट पडली. रविवारी सकाळी मी आणि रूममेट तिला कराडला परत न्यायला निघालो. कात्रज संपलं, रस्ता मोकळा झाला, काटा रेघेवर आला... आणि मी पाय उचलला नाही. ८०, ९०, ९५. शिरवळच्या पुढं एकदा शंभरलाही टेकला. "बघ, पन्नास वर्षांची म्हातारी कशी पळतेय!" हे माझे शब्द. सलग बराच वेळ आम्ही पंच्याण्णवच्या आसपास असू.

खंबाटकी चढायला लागलो तेव्हा टक-टक असा आवाज सुरू झाला. मला वाटलं टॅपेट असेल. घाट चढून थांबलो, तर आयडलिंगला तेलाचा लाल दिवा मिणमिणत होता. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. इंजिन बंद केलं आणि आबांना फोन लावला.

त्यांनी एकच विचारलं, "किती होतास?"

"ऐंशी," मी म्हणालो.

गाडी पिकअपवर चढवून कराडला नेली. मिस्त्रींनी खालून संप उघडला आणि तिसऱ्या सिलिंडरच्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग माझ्या हातावर ठेवलं. वरचा पांढरा धातू चमच्यानं खरवडल्यासारखा निघून आला होता. "बाळ, हे ऐंशीनं होत नाही," ते हळूच म्हणाले. आबा पलीकडे स्टुलावर बसले होते. त्यांना ऐकू गेलं की नाही, कोण जाणे. क्रँक ग्राइंड करणं, अंडरसाइझ बेअरिंग, पिस्टन रिंग, गॅस्केट, मजुरी धरून अठ्ठावीस हजारांचा आकडा निघाला आणि आबांनी त्यासाठी एक एफडी मोडली.

मेकॅनिकलचा विद्यार्थी म्हणून मला एक गोष्ट कळेना. या १०८९ सीसी इंजिनाची जास्तीत जास्त ताकद ४८०० आरपीएमच्या आसपास मिळते. मी तिथपर्यंत गेलोच नव्हतो, मग बसलं का? गाडीला आरपीएम मीटर नाही, त्यामुळे हिशेब हातानं करावा लागणार होता. गाडी गॅरेजमध्येच होती. टायरवर खडूची खूण करून गाडी ढकलली. चाकाच्या दहा फेऱ्यांना १८.७ मीटर. मग मागचं एक चाक जॅकवर उचलून दहा वेळा फिरवलं आणि खाली प्रोपेलर शाफ्टच्या फेऱ्या मोजल्या: साडेएकवीस. म्हणजे रेशो २.१५, म्हणजे शंभरला जेमतेम १९०० आरपीएम! मी निर्दोष! हा आनंद रूममेटला फोनवर सांगितला, तर तो म्हणाला, "गाढवा, दुसरं चाक जमिनीवर होतं ना? डिफरन्शियल विसरलास." सेकंड इयरच्या व्हायव्हात हाच प्रश्न मला आला होता, आणि तेव्हाही मी चुकलो होतो. एक चाक स्थिर असलं की उचललेलं चाक दुप्पट फिरतं. खरा रेशो ४.३.

टॉप गिअर डायरेक्ट, त्यामुळे पुढचं सोपं. ६५ ला साधारण २५०० आरपीएम, ८० ला ३०५०, ९५ ला ३६५० आणि शंभरला ३८०० च्या वर. या इंजिनाचा स्ट्रोक ७५ मिलिमीटर. म्हणजे एका फेरीत पिस्टन १५ सेंटिमीटर प्रवास करतो. ६५ ला त्याचा सरासरी वेग सेकंदाला सव्वासहा मीटर, ९५ ला नऊच्या पुढे. पण मला खरा धक्का दिला तो एम ओमेगा स्क्वेअर आरनं. पिस्टन वर जाऊन उलटा फिरताना बेअरिंगवर जो हिसका बसतो, तो आरपीएमच्या वर्गानं वाढतो. ६५ वरून ९५ म्हणजे वेग दीडपटही नाही, पण हिसका दुपटीहून जास्त!

तरी शंका राहिलीच. मारुती ८०० चा स्ट्रोक ७२ मिलिमीटर, जवळजवळ तेवढाच. ती तर याहून जास्त आरपीएमला दिवसभर पळते, तिला काही होत नाही. यावर सरांशी बराच वाद घातला, तेव्हा लक्षात आलं की पिस्टनचा वेग ही अर्धीच गोष्ट आहे. उरलेलं सगळं तेलावर. पन्नास वर्षांच्या इंजिनात जर्नल आणि बेअरिंगमधली फट वाढलेली असते, पंप झिजलेला असतो. सलग पळवलं की तेल तापतं, तापलं की पातळ होतं, आणि वाढलेल्या फटीतून निसटून जातं. डॅशबोर्डवर पाण्याच्या तापमानाचा काटा आहे, तो मधोमध होता. तेलाच्या तापमानाला काटाच नाही! दाब पार उतरला की दिवा लागतो, पण तोपर्यंत कार्यक्रम झालेला असतो. ४८०० हा आकडा नव्या इंजिनाची कमाल ताकद सांगतो. जुनं इंजिन तासन् तास किती फिरवावं, याचं उत्तर त्यात नाही.

याहून जुन्या गाड्यांचं तर बघायलाच नको. १९२७ ते ३१ च्या फोर्ड मॉडेल ए चा स्ट्रोक १०८ मिलिमीटर आणि कमाल ताकद २२०० आरपीएमलाच. रॉडची बेअरिंग ओतीव बॅबिटची, त्यांना तेल दाबानं नाही तर शिंतोड्यांनी मिळायचं. तिला ताशी शंभरनं हाकणाऱ्याला माझ्याकडून कोपरापासून नमस्कार.

मग कमी आरपीएम म्हणजे सुरक्षित का? तसंही नाही. घाटात आळसानं टॉपवर ठेवून गाडी कुंथत नेली, तर आरपीएम कमी असतात पण ज्वलनाचा सगळा दाब पातळ तेलथरावर येतो. आबा चढ दिसला की आधीच थर्ड टाकायचे. "टॉपवर रडवू नकोस तिला," हे मी हजारदा ऐकलंय. कमाल ताकदीच्या आरपीएमच्या साठ टक्क्यांच्या आत राहायचं असा मी माझ्यापुरता नियम केलाय. आमच्या फियाटला तो ७५ च्या आसपास येतो, आणि गाडीचं वय बघता मी त्यातूनही थोडं कापीन.

हिशेबाचा कागद घेऊन आबांकडे गेलो. सगळं समजावून सांगितलं, आणि शेवटी म्हणालो, "आबा, मी ऐंशीला नव्हतो. पंच्याण्णवला होतो. शंभरलासुद्धा."

"माहितीय," ते म्हणाले. चष्मा लावून त्यांनी कागद नीट वाचला. कॅशियरची नजर, एक बेरीज चुकलेली काढलीच. मी विचारलं, तुम्ही ६५ कसे काय ठरवले होते? कुठल्या पुस्तकात होतं?

"कुठलं पुस्तक! पासष्टला मागं बसलेल्या तुझ्या आजीचं बोलणं ऐकू यायचं. सत्तरला 'काय?' म्हणून विचारावं लागायचं. मग ती चिडायची."

आजी जाऊन सहा वर्षं झाली.

इंजिन बांधून झाल्यावर पहिले आठशे किलोमीटर पन्नासच्या आत चालवले, तेल बदललं. दिवाळीच्या सुट्टीत साताऱ्याला मामांकडे निघालो तेव्हा आबांनी किल्ली माझ्याकडे टाकली आणि स्वतः डावीकडे बसले. हायवेला लागलो. काटा रेघेवर आणला आणि पाय तिथंच धरला. दोन ट्रक गेले, एक एसटी गेली, तिच्या मागच्या खिडकीतून एक पोरगं आमच्याकडं बघून हसत होतं. आबा थोडा वेळ काट्याकडे बघत राहिले. उंब्रजच्या पुढं त्यांना झोप लागली.

(टी. ई. मेकॅनिकल)